चांदी दोन लाखांवर. घरात दागिने घडवणाऱ्या हातांचं गणित काय?

सरलेल्या २०२५ या वर्षाच्या सुरुवातीला एक किलो चांदी नव्वद हजार रुपयांच्या आसपास मिळत होती. ऑक्टोबरमध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात चांदीने औंसाला पन्नास डॉलरचा टप्पा ओलांडला आणि १९८० चा विक्रम मागे पडला. डिसेंबरमध्ये आपल्याकडे किलोचा भाव दोन लाखांच्या वर गेला. तेव्हापासून भाव एका जागी थांबायला तयार नाही. एकेका आठवड्यात हजारोंनी वर-खाली होतोय.

या भाववाढीवर बोलणं खूप झालं. गुंतवणूक करावी की थांबावं, लग्नाच्या खरेदीचं काय, मोड द्यावी की ठेवावी, हे सगळं चॅनलवाल्यांनी सांगून झालं. पण एका वर्गाबद्दल कुणी फारसं बोललं नाही. घराच्या एका कोपऱ्यात टेबल मांडून स्वतःच्या हाताने दागिने घडवणाऱ्या आणि मोबाइलवरून विकणाऱ्या मुली आणि बाया. भिवंडी, मालेगाव, मुंब्रा, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, रत्नागिरी, कुठेही जा, अशी एखादी ताई किंवा आपा ओळखीत निघतेच. कुणी तारेचं काम करते, कुणी पितळेच्या बाळ्या बनवते, तर थोड्याजणी आता ‘मेटल क्ले’ नावाच्या नव्या मातीकडे वळल्या आहेत. या सगळ्यांसाठी हे वर्ष परीक्षेचं आहे. आमच्या मते परीक्षा एकाच प्रश्नाची आहे: आपण नेमकं काय विकतोय? चांदी, की हाताचं काम?

ही माती आहे तरी काय?

मेटल क्ले म्हणजे धातूची माती. चांदीची अतिशय बारीक पूड, तिला धरून ठेवणारा सेंद्रिय चिकट पदार्थ आणि पाणी, एवढंच त्यात असतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मित्सुबिशी मटेरियल्स या कंपनीने ती विकसित केली. ‘आर्ट क्ले सिल्व्हर’ ही तिच्याच जातीची दुसरी प्रसिद्ध मातीही जपानचीच, आयडा केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीची. कणकेसारखी मळायची, लाटायची, पानाचा किंवा जाळीचा ठसा उमटवायचा, वाळवायची, घासून गुळगुळीत करायची आणि भाजायची. भाजताना चिकट पदार्थ जळून जातो, चांदीचे कण एकमेकांना घट्ट चिकटतात आणि हातात उरते शुद्ध चांदी.

चांदी वितळते ९६१ अंश सेल्सियसच्या पुढे. ही माती मात्र त्याच्या बरंच खाली, साडेसहाशे ते नऊशे अंशांच्या दरम्यान पक्की होते. म्हणून छोटा डाग घरच्या छोट्या गॅस टॉर्चवरही भाजता येतो. मूस नको, झाळकाम नको, तेजाब नको. ज्या बाईला सोनाराच्या पेढीवर जाऊन बसणं शक्य नाही, तिच्यासाठी ही मोठी सोय आहे.

पण तिच्या अडचणीही माहीत हव्यात. भाजल्यावर डाग आकसतो, साधारण आठ ते बारा टक्के. अंगठी बोटाच्या मापाने केली तर ती बोटात जाणारच नाही, आधीच दोन-तीन माप मोठी करावी लागते. भाजणी कमी झाली तर वरून चकचकीत दिसणारा डाग आतून ठिसूळ राहतो आणि पडला की मोडतो. शुद्ध चांदी मऊ असते, म्हणून पातळ अंगठ्या आणि खड्याचे नाजूक पंजे वाकतात. लॉकेट, झुमके, बटण, ब्रोच यांना ही माती चांगली. मोती किंवा फिरोजा आत ठेवून भाजता येत नाही, तो नंतर बसवावा लागतो. तांब्याच्या आणि कांस्याच्या मातीला तर सहसा हवा चालत नाही. ती बहुतेक वेळा कोळशाच्या भुकटीत पुरून भट्टीत भाजावी लागते. आणि कुठलीही माती भाजताना धूर होतो, तेव्हा खिडकी उघडी हवी आणि लहान मुलं लांब हवीत. स्वयंपाकाचा आणि भाजणीचा वेळ एक ठेवू नये.

सगळ्यात मोठी अडचण किमतीची. ही माती बहुतेक बाहेरून येते आणि तिचा ग्रॅम साध्या चांदीच्या ग्रॅमपेक्षा बराच महाग पडतो. चांदी दुपटीने वाढल्यावर तिचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

नाव नसलेला कारागीर

धातूच्या कामात मुसलमान हात नवे नाहीत. मुंबईच्या झवेरी बाजारातल्या छोट्या छोट्या खोल्यांत बंगालमधून आलेले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बसलेले आहेत. त्यांत मुस्लिम कारागिरांची संख्या मोठी. जयपूरच्या मनिहारांची लाखेची कांकणं देशभर जातात. आपल्या मराठवाड्याच्या शेजारचं बिदर, जे १९५६ पर्यंत आपल्यासोबतच हैदराबाद संस्थानात आणि नंतर हैदराबाद राज्यात होतं, तिथली बिदरी कला तर जगाला माहीत आहे. जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची तार ठोकून बसवायची आणि किल्ल्यातल्या मातीने पृष्ठभाग काळा करायचा. त्या कलेतले ज्येष्ठ कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या घराघरांत आनंद झाला होता.

पण एक पद्मश्री सोडली तर बाकीच्यांचं काय? दागिना दुकानात मांडला जातो तेव्हा पाटीवर शेठचं नाव असतं. कारागिराला मिळते मजुरी, आणि घट जास्त निघाली तर त्यातूनही कापली जाते. त्याने घडवलेली नथ कुणाच्या नाकात गेली हे त्याला कधी कळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीत चांदीचे पैंजण घराघरांत जोडले जातात, त्यात बायकांचे हात मोठ्या प्रमाणावर असतात. विकत घेणाऱ्याला मात्र पेढीचंच नाव माहीत असतं.

स्वतंत्रपणे दागिने घडवणाऱ्या मुलीने ही साखळी तोडली आहे. ती स्वतः नक्षी ठरवते, स्वतः घडवते, स्वतः फोटो काढते, स्वतः विकते. नाव तिचं. पण नावाबरोबर सगळी जोखीमही तिचीच. शेठकडे काम करणाऱ्याला चांदीच्या भावाची चिंता नसते, कारण चांदी शेठची. हिच्याकडे चांदीही हिची, तडा गेला तर नुकसानही हिचं, पार्सल परत आलं तर भाडंही हिचंच. म्हणून हिशेब नीट समजणं हे नक्षी समजण्याइतकंच महत्त्वाचं आहे.

वहीवर मांडलेला हिशेब

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, आपापल्या गावच्या भावाने ते बदलून घ्यावेत.

समजा आठ ग्रॅमचं एक लॉकेट करायचं आहे. माती थोडी जळते, म्हणून नऊ ग्रॅम लागेल. मातीचा ग्रॅम ३०० रुपयांना पडला तर झाले २,७०० रुपये. लाटण्यापासून पॉलिशपर्यंत चार तास लागले आणि तासाला १५० रुपये मजुरी धरली तर ६०० रुपये. गॅस, वीज, पॉलिश पेपर यांचे १००. इथपर्यंत झाले ३,४००. आता दहा नगांत एक वाया जातो असं धरा. कच्चा डाग तुटला तर पाणी घालून पुन्हा मळता येतो, पण भाजल्यावर तडा गेला तर तो मोडीच्याच भावाने जातो. त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे ३४० रुपये, प्रत्येक नगावर चढवायला हवा. डबी आणि कुरिअरचे १५०. एकूण खर्च ३,८९० रुपये. त्यावर वीस टक्के नफा धरला तर किंमत होते साधारण ४,६७० रुपये.

आता प्रत्यक्षात काय होतं? बाजारात चांदी ग्रॅमला दोनशे रुपये. आठ ग्रॅमचे झाले १,६००. त्यावर ‘आपले’ म्हणून नऊशे लावायचे आणि अडीच हजाराला देऊन टाकायचं. ताईला वाटतं नऊशे सुटले. खरं तर मजुरी शून्य धरली तरी माती, गॅस, वाया गेलेला माल आणि कुरिअर मिळून ३,२३० रुपये गेलेले असतात. म्हणजे चार तास काम करून तिने खिशातले ७३० रुपये गिऱ्हाइकाला भेट दिले. दहा लॉकेटं विकली की सात हजारांचा खड्डा. मग काही महिन्यांत घरात सगळे म्हणतात, ‘सोड ना, यात काही सुटत नाही.’ काम वाईट नव्हतं. वहीच कधी उघडली नव्हती.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, साहित्य बदलायचं. साध्या आकाराच्या डागाला मातीच हवी असं नाही. तोच डाग चांदीच्या पत्र्यातून आणि तारेतून केला तर हजारभर रुपये वाचतात, आणि तो मजबूतही होतो. ज्या डागावर बारीक ठसा आणि उठाव हवा, तिथेच माती वापरावी. पितळ आणि तांब्यात सुंदर काम होतं, आणि त्यात चांदीच्या भावाची टांगती तलवार नाही. दुसरी वाट, किंमत खरी लावायची आणि ती का आहे हे सांगायला लाजायचं नाही. सोनाराच्या दुकानात आपण घडणावळ देतोच ना? तिथे बिलावर लिहिलेली असते म्हणून मुकाट देतो. घरच्या कारागिराला ती मागायचा तितकाच हक्क आहे. बिलात चांदीचं वजन वेगळं आणि घडणावळ वेगळी लिहा. गिऱ्हाईक घासाघीस करेल, पण कशावर करतोय हे त्याला कळेल.

भाव रोज हलत असेल तर ऑर्डर घेताना अर्धी रक्कम आधी घ्या आणि ‘ही किंमत सात दिवसांसाठी’ असं लिहून द्या. महिन्यापूर्वीच्या भावाने आज डाग देणं हे मोठ्या पेढीलाही परवडत नाही.

चांदी म्हणजे चांदीच

भाव चढला की खोट वाढते. ‘जर्मन सिल्व्हर’ नावात चांदी असली तरी तिच्यात चांदीचा कण नसतो. ती तांबं, निकेल आणि जस्त यांची मिश्रधातू आहे, आणि निकेलमुळे अनेकांच्या कातडीला खाज येते. पितळेवर चांदीचं पाणी चढवलेला डाग ‘सिल्व्हर ज्वेलरी’ म्हणून खपवणारेही कमी नाहीत. मापात पाप म्हणतात ते हेच. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसारही ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते.

सोन्याच्या दागिन्यांना जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. चांदीवर तशी सक्ती नाही. पण १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कलाही सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक मिळू लागला आहे आणि बीआयएस केअर अ‍ॅपवर तो टाकला की माहिती समोर येते. एकेकट्या छोट्या कलाकाराला प्रत्येक झुमक्यावर हॉलमार्क घेणं जमेलच असं नाही. मग काय करायचं? जे आहे ते लिहायचं. चांदीच्या क्लेचा डाग असेल तर ‘शुद्ध चांदी’, पत्र्याचा असेल तर ‘९२५’, म्हणजे शंभरात साडेब्याण्णव भाग चांदी. पाणी चढवलेलं असेल तर ‘पितळ, वर चांदीचा मुलामा’. कच्चा माल घेतल्याची बिलं जपून ठेवायची. वर्षातून एकदोन नग टंच काढणाऱ्याकडून तपासून घेऊन ती पावती गिऱ्हाइकाला दाखवायची. मोठ्या पेढीकडे झगमगाट असतो, छोट्या कलाकाराकडे भरवसाच असतो. तो एकदा गेला की दुसऱ्यांदा कुणी मेसेज करत नाही.

अमेरिकेचं पार्सल

काही मुलींनी परदेशी गिऱ्हाईक जोडलं होतं. एत्सी या अमेरिकी संकेतस्थळावर हाताने केलेल्या वस्तूंचा मोठा बाजार आहे. एक वस्तू मांडायला वीस सेंट, विकली गेली की साडेसहा टक्के, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा. तरीही डॉलरमध्ये मिळणारा भाव इथल्यापेक्षा बरा, म्हणून हे परवडत होतं. त्यात मुख्य आधार होता एका सवलतीचा: आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलवर अमेरिका आयात शुल्क घेत नव्हती.

२९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्या देशांसाठी बंद झाली. त्याच आठवड्यात, २७ ऑगस्टपासून, भारतीय मालावरचं अमेरिकी शुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं. गोंधळ एवढा की आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं घेणंच थांबवलं, ती सेवा १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाली. पुढे दोन्ही सरकारांच्या बोलण्यांनुसार दर वर जातील, खाली येतील. पण आठशे डॉलरची सवलत गेली हे लक्षात घेऊनच आता पुढचा विचार करायला हवा. चाळीस डॉलरच्या झुमक्यावर गिऱ्हाइकाला शुल्क पडणार असेल, तर ते कोण भरणार हे विकण्याआधी स्पष्ट लिहिलं पाहिजे. नाहीतर पार्सल परत येतं आणि दोन्ही बाजूंचं भाडं आपल्या गळ्यात.

आमचं म्हणणं असं की एकाच देशावर अवलंबून राहू नये. आखाती देशांत, ब्रिटनमध्ये मराठी आणि उर्दू बोलणारी आपली माणसं आहेत. ईदच्या, निकाहच्या निमित्ताने त्यांना इकडचं काही हवंच असतं. निर्यातीसाठी आयईसी क्रमांक लागतो, त्याची फी पाचशे रुपये. टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं कागदपत्रांना मदत करतात. दलालाला हजारो द्यायची गरज नाही.

जीएसटीचा एक खाचखळगा

‘माझी विक्री चाळीस लाखांच्या आत आहे, मला जीएसटी लागत नाही,’ हे अर्धसत्य आहे. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्यांसाठी ती मर्यादा खरीच, पण माल राज्याबाहेर पाठवला की वस्तूंच्या विक्रीला सर्वसाधारणपणे नोंदणी लागते, उलाढाल कितीही असो. म्हणजे मुंब्र्याहून पुण्याला झुमके पाठवले तर एक नियम, हैदराबादला पाठवले तर दुसरा. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना यात सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे सीएकडून एकदा लेखी विचारून घ्यावं. चांदीच्या दागिन्यांवर कर तीन टक्के आहे, तो फार जड नाही. जड असतो तो नंतर येणारा दंड. ऑनलाइन बाजारपेठांवर विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात नोंदणीशिवाय विकण्याची मुभा मिळाली आहे, तिचा फायदा घ्यावा.

नक्कल होते तेव्हा

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार नक्कलेची. महिनाभर डोकं लावून नक्षी काढली, इन्स्टाग्रामवर टाकली आणि पंधरा दिवसांत कुणीतरी मशीनवर ओतून निम्म्या किमतीत बाजारात आणली. डिझाइन कायदा २००० खाली नक्षीची नोंदणी करता येते. एकट्या व्यक्तीसाठी अर्जाची फी हजार रुपये, आणि संरक्षण मिळतं दहा वर्षं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. पण अट अशी की नक्षी नवी हवी, म्हणजे अर्जाआधी ती जगाला दाखवलेली नसावी. आधी पोस्ट आणि मग अर्ज केला तर उपयोग नाही. प्रत्येक नक्षीला हे परवडणार नाही, पण वर्षातून एकदोन नक्षी, ज्यांच्यावर धंदा उभा करायचा आहे, त्यांना जरूर करावी.

खरं सांगायचं तर कायदा हे दुसरं कुंपण. पहिलं कुंपण म्हणजे हाताची ओळख. मशीन नक्षीची नक्कल करते, पण गिऱ्हाइकाच्या आजीच्या जाळीदार पडद्याचा तुकडा घेऊन त्याचा ठसा चांदीत उमटवून देणं मशीनवाल्याला परवडत नाही. असं माणसागणिक वेगळं काम ही छोट्या कलाकाराची खरी ताकद.

सरकारी योजना, आणि व्याजाचा प्रश्न

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात सोनारकामही आहे. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये भत्ता, अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. आपल्यातली बरीच कुटुंबं ‘व्याज आलं’ म्हणून योजनेकडे पाहतच नाहीत. पण कर्ज घेण्याची सक्ती नाही. प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि अवजारांची मदत कर्जाशिवायही मिळते. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो आणि अर्ज सीएससी केंद्रावर होतो. नंतर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका पडताळणी करते. तेव्हा घरात नेमकं धातूचं काम कोण करतं, याचा विचार करून नाव द्या. हस्तकला विकास आयुक्तालयाचं ‘पहचान’ ओळखपत्र आणि उद्यम नोंदणी हेही काढून ठेवावं. उद्यम नोंदणीला पैसे लागत नाहीत. कुणी मागत असेल तर तो फसवतोय.

जकातीचं काय?

चांदी वाढल्याने आणखी एक प्रश्न या मुलींसमोर आला आहे. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे साधारण ६१२ ग्रॅम. ग्रॅम नव्वद रुपये असताना तो ५५ हजारांच्या आसपास होता, दोनशे रुपयांच्या भावाने तो सव्वा लाखाच्या जवळ गेला. त्याच वेळी कपाटातल्या मालाची किंमतही दुप्पट झाली. विक्रीसाठी तयार असलेले दागिने आणि कच्चा माल हा व्यापारी माल, त्याचा हिशेब चालू बाजारभावाने होतो. भट्टी, टॉर्च, हातोडी ही अवजारं त्यात धरली जात नाहीत. स्वतःच्या वापरातल्या दागिन्यांबाबत हनफी आणि शाफई मतांत फरक आहे, आणि कोकणातली बरीच कुटुंबं शाफई आहेत. तेव्हा आपल्या आलिमांना विचारून घ्यावं. पण विचारायला जाताना हातात मालाची यादी हवी. ती वही, जी नफ्यासाठी लागते, तीच इथेही कामी येते.

घरच्यांसाठी दोन शब्द

एवढं सगळं वाचून ‘हे तर फार कटकटीचं आहे’ असं वाटेल. कटकट आहेच. पण किराणा दुकान, शिलाई, केटरिंग, कुठल्या धंद्यात ती नाही? फरक इतकाच की मुलगा दुकान टाकतो तेव्हा घर त्याला धंदा म्हणतं, आणि मुलगी दागिने घडवते तेव्हा घर त्याला टाईमपास म्हणतं. धंदा म्हटला की भांडवल, जागा, वेळ, वही हे सगळं आपोआप येतं. टाईमपास म्हटला की काहीच येत नाही. टेबलावरचं अर्धं वाळलेलं काम पाहुणे आले म्हणून उचलून ठेवलं जातं आणि तुटतं.

अम्मी-अब्बांना आणि सासरच्यांना आमचं सांगणं एवढंच. तिच्या विक्रीचे पैसे तिच्या नावाच्या खात्यात येऊ द्या, भावाच्या किंवा नवऱ्याच्या यूपीआयवर नको. उद्या अर्ज, परवाना, निर्यात काहीही करायचं म्हटलं की बँकेचा व्यवहार तिच्या नावावरच दिसला पाहिजे. काम करण्याची जागा आणि दिवसाचे काही तास ठरवून द्या. आणि खाला, फूफी, मावशी म्हणून ‘घरचंच आहे’ म्हणत फुकट झुमके मागू नका. ईदीत द्यायचे असतील तर पूर्ण पैसे देऊन घ्या. पहिलं खरं गिऱ्हाईक घरातूनच मिळालं तर बाहेरच्याला भाव सांगताना तिची जीभ अडखळत नाही.

चांदी उद्या खाली येईल किंवा आणखी वर जाईल, ते लंडन-न्यूयॉर्कच्या बाजारांत ठरतं, आपल्या हातात नाही. जो फक्त चांदी विकतो, तो त्या भावाबरोबर तरतो आणि बुडतो. जी हाताचं काम विकते, खरं सांगून विकते आणि त्याची किंमत वहीत मांडते, तिला भाव पडला तरी आणि चढला तरी काम राहतं. आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या पाटीखाली दागिने घडवले. आता घरातल्या मुलीच्या नावाची छोटीशी पाटी लागत असेल, तर ती भाव चढला म्हणून उतरवायची वेळ तिच्यावर येऊ नये.